तुझ्या केसपेपरवरचं मूल

सोनाली,

तू गेल्याचा निरोप तुझ्या भावाने, सागरने, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. लग्नाच्या फोटोतून कापून घेतलेला तुझा चेहरा, दोन्ही बाजूंना समया आणि खाली एक ओळ, ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. मी ऑफिसात होते. रडू यायच्या आधी मला राग आला. अल्पशा? पावणेतीन वर्षं त्या आजाराने तुझं एकेक काढून नेलं. आधी पिशवी, मग सासर, मग नवरा, मग केस, मग चालणं. याला अल्प म्हणायचं तर मोठा आजार कसा असतो ते मला कोणीतरी सांगावं. सागरचा दोष नाही. सगळेच अशी ओळ टाकतात, त्यानेही कुणाची तरी उचलून त्यात तुझं नाव घातलं असेल. पण तुझ्या बाबतीत पहिल्यापासून हेच होत आलं. दुसऱ्या कुणाचं तरी उचलायचं आणि तुझ्या नावापुढे लावून मोकळं व्हायचं.

दहाव्याला मी आपल्या इथल्या गंगेच्या घाटावर आले होते. तुझी आई पायरीवर बसली होती, तिच्या डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. तुझ्या सासरहून एकच माणूस आला, तुझा चुलत सासरा. तो लोकांना सांगत होता की पिशवी काढून टाकली व्हती, तरी बी आजार गेला नाय, डॉक्टर तरी काय करनार. सगळे माना हलवत होते. कुणीतरी म्हणालं, नशीब. मी उठले. मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. पण तुझ्या आईकडे बघितलं आणि परत बसले.

तुझ्यासमोरही मी अशीच बसून राहिले होते. एकदा नाही, तीनदा. म्हणून आता लिहिते आहे, आणि राग गिळून लिहिणार नाही.

आधी माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय तुझ्या बाबतीत काय झालं ते कुणाला कळणार नाही. मी एकोणतीस वर्षांची होते, लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळी नसताना डाग पडायला लागले म्हणून दाखवायला गेले आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा. आपल्या त्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि रिपोर्ट उघडायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, “मूल हवंय का तुम्हाला?” मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. मी तर मरणाची तयारी करून गेले होते. पण त्यांनी कोऱ्या कागदावर पेनाने पिशवी काढली, उलट्या पेरूसारखी, आणि तिच्या खालच्या टोकाला रेघ मारली. म्हणाले, गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे आणि फक्त तोंडाशी आहे. तोंड आणि आजूबाजूचा भाग काढायचा, पिशवी वर तशीच ठेवायची आणि खाली टाका घालायचा. ऑपरेशन चालू असतानाच ओटीपोटातल्या, आजार आधी जिथे पसरतो त्या, लसीकेच्या गाठी तपासायच्या. त्यांत काही निघालं तर हा बेत रद्द. नाही निघालं तर पुढे दिवस राहू शकतात. बाळ लवकर येईल, सिझेरियनच करावं लागेल, कदाचित दिवस राहणारही नाहीत. आणि दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, चुकवायचं नाही.

अर्धा तास बोलत होते ते. चहासुद्धा मागवला.

तू सव्वीस वर्षांची होतीस. लग्नाला तुझ्याही तीन वर्षं झाली होती. त्याच आठवड्यात, त्याच डॉक्टरांकडे, सरकारी योजनेतून तुझी भरती झाली. सहा खाटांच्या खोलीत तुझी खाट माझ्या शेजारी आली. येताना तू सगळ्यांसाठी शेवंती आणली होतीस. मखमलाबादच्या पुढच्या तुझ्या माहेरच्या मळ्यातली, पिवळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डात फुलं चालत नाहीत. तू म्हणालीस, “मंग तुमी घालून घ्या.” आणि त्यांनी खरंच माळली. माझ्या आईला तू पहिल्याच तासात ‘आई’ म्हणायला लागलीस. मी घाबरून भिंतीकडे तोंड करून पडले होते, तर तू मला तुझ्या चुलतभावाच्या लग्नाची गोष्ट सांगत बसलीस. वरातीच्या गाडीवर लावलेला झेंडू बैलाने खाल्ला होता म्हणे. मी हसले. त्या आठवड्यात हसले ती तेवढीच.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू तुझी फाइल माझ्यापुढे धरलीस. सगळं इंग्रजीत होतं. “ताई, काय लिव्हलंय वाचता का जरा?” मी वाचायला लागले. नाव, वय, गाव, आणि मग ‘मुलं’ या शब्दापुढे एकचा आकडा.

मी विचारलं, तुला मूल आहे? तू म्हणालीस, नाही. मग तुझ्याच लक्षात आलं. पहिल्या दिवशी केसपेपर काढायला तू आलीस तेव्हा तुझ्या नणंदेची चार वर्षांची परी तुझ्या मांडीवर होती. काउंटरवरच्या माणसाने तुझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि एकचा आकडा टाकला. विचारलं नाही. तू हसलीस आणि म्हणालीस, असूद्या, परी माझीच हाय.

मी नाही हसले. मी पुढचं पान उलटलं. तुझी गाठ दीड सेंटिमीटरची होती. माझी एक पूर्णांक आठ. बाकी सगळं तेच. आणि ‘काय करायचं’ त्या जागी तुझ्या फाइलीत पूर्ण पिशवी काढायची असं लिहिलं होतं, खाली तुझ्या नवऱ्याची सही आणि तिच्या शेजारी तुझा अंगठा. सोनाली, तू दहावी झाली होतीस. तुला सही येत होती. पेन पुढे करण्याऐवजी कुणीतरी शाईचा पॅड पुढे केला आणि तू अंगठा टेकवलास, कारण सगळे घाईत होते.

तू मला विचारलंस, “तुमचं बी पिशवी काढायचंच ऑप्रेशन ना?”

मी हो म्हणाले.

हे पहिलं. तेव्हा खरं बोलले असते तर तू तशीच उठून सिस्टरकडे गेली असतीस, मला तुझा स्वभाव माहीत आहे. पण माझी पिशवी राहणार आहे हे तुझ्या तोंडावर कसं सांगू, असं मला वाटलं. लाज वाटली. भीतीही वाटली की मी मध्ये पडले तर माझंच काहीतरी बिनसेल. ड्युटीवरच्या सिस्टरला मात्र मी सांगितलं की हिला मूल नाही, चुकून एक लिहिलंय, डॉक्टरांना सांगा. त्या म्हणाल्या, सकाळी राउंडला सांगते. सकाळी मला आधी नेलं. मी शुद्धीवर आले तेव्हा तुझी खाट रिकामी होती आणि तुला आत नेलेलं होतं.

मी ज्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते तिथे एका न्हाणीघराच्या दाराची दिशा बदलायची तरी मालकाला तीनदा विचारतात. लेखी घेतात. सव्वीस वर्षांच्या बाईची पिशवी काढायची होती आणि तिला एकदाही विचारलं नाही.

मला कुणी सांगायला नको की ती वेगळी शस्त्रक्रिया झाली असती तरी तू वाचलीच असतीस असं नाही. मी दहा वेळा वाचलं आहे, विचारलं आहे. आजार कुणाचाही परत येतो. माझाही येऊ शकतो. कदाचित ऑपरेशनच्या वेळी तुझ्या गाठींत काही निघालं असतं आणि पिशवी काढावीच लागली असती. कदाचित सगळं ऐकून तू स्वतःच म्हणाली असतीस की नको ताई ती भानगड, काढून टाका. ते तुझं म्हणणं झालं असतं. तुझ्याकडून ते म्हणणंच काढून घेतलं. माझा राग त्याचा आहे.

घरी गेल्यावर सासूने तुला आरामाला माहेरी पाठवलं. सव्वा महिना, असं सांगून. सव्वा महिन्यानंतर कुणी न्यायला आलं नाही. तू नवऱ्याला फोन केलास की तो म्हणायचा, कांद्याचा सीझन आहे, लासलगावला गाड्या लावायच्यात, उसंत नाही. मग उन्हाळी कांदा संपला आणि लाल कांदा आला, तरी त्याला उसंत झाली नाही. मग एक दिवस त्याचा मामा फारकतीचा कागद घेऊन आला आणि तुझी सही घेऊन गेला. या वेळी मात्र तुझी सही चालली. पुढच्याच महिन्यात त्याने येवल्याकडच्या मुलीशी लग्न केलं. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तूही शेवटी घेत नव्हतीस.

तेव्हा आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. मी म्हणायचे, केस कर. तू म्हणायचीस, करून काय, परत त्याच्या दारात जायचं का? मी म्हणायचे, दारात जायला नाही, त्याला जाब विचारायला. तू म्हणायचीस, “जाब इचारायला त्याच्यात मानूस पायजे ना ताई आधी.” मी चिडायचे. मला तुझा तो शांतपणा पळपुटेपणा वाटायचा. आता वाटतं, तू शांत नव्हतीस, तू कामात होतीस. सागरच्या पिकअपमधून पहाटे तोडलेली फुलं घेऊन यायचीस, शहरात द्वारकेच्या चौकाजवळ एका दुकानाच्या कडेला बसून नव्या गाड्यांचे हार करायचीस. लोक नवी कोरी गाडी घेऊन यायचे आणि तू बोनेटवर झेंडू आणि शेवंतीची अशी जाळी बसवायचीस की रस्त्याने जाणारे वळून बघायचे. पुढे लग्नाच्या गाड्यांची कामं मिळाली. तुला स्वतःचा मांडव-सजावटीचा धंदा काढायचा होता. नाव ठरवलं होतंस, मला सांगितलं नव्हतंस. म्हणायचीस, बोर्ड लागला की वाचा.

मला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यापासून डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, कारण पिशवीला खाली आधार फक्त त्या टाक्याचा होता. तेव्हा तू दर दोन-तीन दिवसांनी यायचीस. माझ्या घरी स्वयंपाकाला बाई होती, नवरा होता, आई होती. तरी माझे केस विंचरून वेणी घालायला तूच लागायचीस. तुला कळलं होतं की माझी पिशवी राहिली आहे. पोटच दिसत होतं, लपवणार काय. पण तू एका शब्दाने विचारलं नाहीस. वेणी घालायचीस, उरलेली शेवंती खोवायचीस आणि जायचीस. ते चार महिने तू मला दिलेस ते कशाच्या बळावर, हे मला आजही कळत नाही.

त्या चार महिन्यांत मीही तुला एक गोष्ट नीट विचारली नाही. मी दर तीन महिन्यांनी तपासणीला जात होते. तू जात होतीस का? एकदा विचारलं तर म्हणालीस, “मला आता काय, काढून टाकलंय समदं. बोलावलं असतं तर गेले असते.” मी म्हणाले, जायला हवं गं. तू बरं म्हणालीस. मी विषय सोडला. तुला एकदा रिक्षात घालून नेलं असतं तर? पोट सांभाळत मी जात होतेच की त्या दवाखान्यात, त्याच बाकावर बसत होते. हे दुसरं.

मुलगी आठव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत राहिली, जगली, घरी आली. बारसं उशिरा केलं. तू आलीस, पाळण्याला लावायला फुलांची झालर घेऊन. ती झालर सगळ्यांनी वाखाणली. मग पाळण्यात घालायची वेळ झाली. बायका पुढे झाल्या, तूही झालीस, तेव्हा माझ्या सासूबाई फार गोड आवाजात तुला म्हणाल्या, तुम्ही बसा ना, चहा घ्या. तू मागे सरलीस. खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं. मी पाळण्याची दोरी हातात धरून उभी होते आणि मला बोलता आलं नाही. माझ्या लेकीच्या बारशाला, माझ्याच घरात.

सगळ्या गेल्यावर तू आतल्या खोलीत आलीस. मुलीला उचललंस, तिच्या टाळूचा वास घेतलास आणि तिच्याकडेच बघत मला विचारलंस,

“ताई, तुमची ठेवली. माझी का नाय ठेवली?”

सोनाली, दोन वर्षांनी विचारलंस तू. आणि मी म्हणाले, “तुझी गाठ मोठी होती.”

तू मान हलवलीस, मुलगी माझ्या हातात दिलीस आणि गेलीस. हे तिसरं.

त्यानंतर तू आली नाहीस. मी फोन केले, तू दोन-तीनदा उचललेस, म्हणालीस सीझन चालू हाय. मी लहान बाळाचं निमित्त धरून बसले. त्याच काळात तुला अंगावरून जायला लागलं होतं. तू जवळच्या डॉक्टरकडे गेलीस, त्याने उष्णतेच्या गोळ्या दिल्या. कंबर दुखायला लागली, तर म्हणे हार करायला वाकून बसता म्हणून. पाय सुजला तेव्हा सागर तुला परत त्या रुग्णालयात घेऊन गेला. तोवर आजार आत पसरून मूत्रपिंडापर्यंत गेला होता.

मला सागरने कळवलं. मी आले तेव्हा तुझे किमोचे डोस आणि रेडिएशनचे पंचवीस शेक झाले होते आणि तुला मळ्यातल्या घराच्या ओसरीत, खाटेवर ठेवलं होतं. समोर शेवंती तोडणीला आली होती आणि तुझी आई क्रेट भरत होती. तुझं डोकं रुमालाने बांधलेलं. मी काय बोलावं ते ठरवून आले होते आणि काहीच आठवेना. तूच म्हणालीस, बसा ताई, पोरगी रांगते का? मी म्हणाले, रांगते. मग तू सांगितलंस की शेक देणाऱ्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती, तिने तुझी जुनी फाइल मागवली आणि तुला समजेल अशी वाचून दाखवली. गाठ केवढी होती तेही सांगितलं.

“तुमी बारशाच्या दिवशी खोटं बोलल्या,” तू म्हणालीस. आवाज चढवला नाहीस. “मला तवाच कळलं व्हतं. तुमी माझ्याकडं बघत नव्हत्या.”

मी तुझा हात धरला. तू म्हणालीस, “मला पोर झालंच असतं असं नाय म्हनत मी. नसतं बी झालं. पन मला इचारायला पायजे व्हतं ताई. येवढंच. मी काय म्हनले असते ते मला बी म्हाईत नाय आता.”

मी माफी मागणार होते. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन आली, म्हणाली, सोने, उठून बस थोडी, आणि आम्ही दोघींनी तुला उठवलं, पाठीशी उशी लावली. मग शेजारची बाई आली. मग सागर आला. मग मी निघाले. पुढच्या रविवारी येईन म्हणाले. त्या रविवारी मुलीला ताप होता. त्याच्या पुढचा रविवार तुला मिळाला नाही.

तुझ्या दहाव्यानंतर मी सागरकडून तुझी फाइल मागून घेतली आणि डॉक्टरांकडे गेले. नंबर लावून, बाकावर बसून, माझी पाळी आल्यावर आत. ते मला बघून खूश झाले, मुलगी कशी आहे विचारलं. मी फाइल टेबलावर ठेवली आणि तुझं नाव सांगितलं. त्यांना आठवेना. फाइल चाळल्यावर आठवलं, फुलंवाली.

मी म्हणाले, हिला का नाही विचारलं?

ते म्हणाले, एक मूल आहे असं लिहिलेलं होतं, मी तेवढंच वाचलं, बाकी ज्युनिअर बघतात. मी म्हणाले, मूल नव्हतं. त्यांनी ते पान पुन्हा काढून बघितलं. मग जे म्हणाले ते मी तुला जसंच्या तसं सांगते. म्हणाले, “तरीही मी कदाचित सुचवलं नसतं. या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं तपासणी लागते. अशा पेशंट परत येत नाहीत. ही तरी कुठे आली? आम्ही फोन केले होते, बघा.”

फाइलीत खरंच नोंदी होत्या. दर तीन महिन्यांनी फोन केलेला. पुढे लिहिलेलं, ‘निरोप दिला’. मी तो नंबर बघितला. तो तुझ्या नवऱ्याचा होता. ज्याने तुला माहेरीच टाकलं, ज्याच्या घरात दुसरी बायको होती, त्याला हे लोक दर तीन महिन्यांनी फोन करून तुझ्या तपासणीची आठवण करून देत होते, आणि तो बरं, सांगतो, म्हणून फोन ठेवत होता. तुझा स्वतःचा नंबर त्या फाइलीत कुठेच नव्हता. पुन्हा तेच. विचारलाच नव्हता कुणी.

मी त्यांना हे सांगितलं. मी ओरडले नाही असं मला वाटतं, पण बाहेरची बाई दार उघडून डोकावली. मी म्हणाले, अशा पेशंट म्हणजे कशा? माझा नवरा इंग्रजी बोलतो म्हणून मी येणारी, आणि ती हार करते म्हणून न येणारी? मी तुमच्या चहावर अर्धा तास बसले आणि तिच्या अंगठ्याला तुमच्या माणसांनी शाई लावली. ती रोज पहाटे उठून मखमलाबादहून द्वारकेला येत होती, एक दिवस चुकवला नाही, आणि ती तीन महिन्यांतून एकदा इथे आली नसती?

ते म्हणाले, “हे मला माहीत नव्हतं.” खरं असेल. ते वाईट नाहीत, सोनाली, तीच तर चीड आहे. वाईट असते तर मी त्यांना शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्याच माणसाने माझी पिशवी जपून ठेवली, माझी मुलगी सुखरूप काढणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या हातांबद्दल माझ्या मनात आयुष्यभर कृतज्ञता राहणार आहे, आणि त्याच हातांनी तुझ्या फाइलीचं पान न वाचता उलटलं, हेही राहणार आहे. दोन्ही एकत्र कसं ठेवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

त्यांनी विचारलं, आता मी काय करू? मी म्हणाले, तिच्यासाठी काही नाही, आणि बाहेर आले.

दाराजवळच्या बाकावर बसले. शेजारी एक मुलगी होती, बावीस-तेवीसची, पेठ तालुक्यातली, मांडीवर नवी फाइल. तिच्या पलीकडे तिची सासू. कशाला आलात म्हणून विचारलं तर सासू म्हणाली, पिशवीच्या तोंडाला गाठ आहे, काढायचीय. मी मुलीला विचारलं, तुला मुलं किती? सासूनेच उत्तर दिलं, नाही अजून. मग सासू पाणी प्यायला उठली, तेव्हा मी त्या मुलीला एवढंच म्हणाले की तुला मूल हवं असेल तर आत गेल्यावर तूच सांग, तुझ्या तोंडाने. आणि तुझा फोन नंबर तुझाच लिही. ती माझ्याकडे बघत राहिली.

तिचं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या. दार नीट लागलं नव्हतं, मला ऐकू येत होतं. कागद उलटल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांचा आवाज, थोडा बसलेला, “तुला मूल हवंय का?” सासू बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही थांबा, तिला बोलू द्या. मग काहीच ऐकू आलं नाही. आणि मग त्या मुलीचा बारीक आवाज आला, “हवंय.”

तिचे रिपोर्ट काय निघतील मला माहीत नाही. तिची पिशवी राहील की नाही, हेही माहीत नाही. कदाचित गाठ मोठी असेल, कदाचित उशीर झाला असेल. पण तिला विचारलं. डॉक्टरांचा प्रश्न, सासूचं मध्ये बोलणं, तिला थांबवणं, त्या मुलीचं गप्प राहणं आणि मग उत्तर देणं, हे सगळं शिपायाने पुढचं नाव पुकारायच्या आत झालं.

एवढाच वेळ लागतो, सोनाली. एवढाच वेळ तुला कुणी दिला नाही. मीसुद्धा.